मामाच्या डोंगरावरचं ॲमेझॉन

नांदगावातून बोलतोय. बाहेर पाऊस पत्र्यावर वाजतोय, त्यामुळे मध्ये आवाज आला तर चालवून घ्या.

२०१९ मध्ये ॲमेझॉनचं जंगल पेटलं होतं, आठवतंय? आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. मीही ठेवला होता.

गेल्या महिन्यात मामाचा फोन आला. त्याची दोडामार्ग तालुक्यात डोंगरावर सामायिक जमीन आहे, आजवर न तोडलेली. आता रबर लावायला गिऱ्हाईक आलंय आणि भाव चांगला देतंय. "काय करूया?" मामाने विचारलं. मी गप्प! ब्राझीलच्या जंगलाबद्दल माझं मत पक्कं होतं, मामाच्या जंगलाबद्दल मात्र काहीच नव्हतं.

म्हणून तिकडे गेलो. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, मग बांद्याहून दोडामार्ग. याच तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे रानजायफळाचं दलदलीतलं जंगल आहे. आकाराने अगदी लहान, पण देवराई म्हणून गावाने राखलं. २०२१ मध्ये सरकारने त्याला जैवविविधता वारसा स्थळ केलं. इथे झाडांची मुळं चिखलातून गुडघ्यासारखी वर येतात, कारण श्वास घ्यायला हवा लागते. फळं धनेश खातो आणि बी लांब नेऊन टाकतो.

आता यात हवामान बदल कुठे आला?

पहिली गोष्ट कार्बनची. सुक्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. जुनं जंगल म्हणजे शेकडो वर्षांची ठेव. दलदलीत पाचोळा सावकाश कुजतो, म्हणून मातीतही कार्बन साठतो. जंगल तोडून जाळलं की या ठेवीतला बराच कार्बन काही दिवसांत हवेत जातो. रबरही झाडच आहे आणि तेही कार्बन घेतं, हे खरं. पण ती ठेव पुन्हा भरायला कित्येक दशकं लागतात, आणि एकाच जातीच्या बागेत ती पूर्वीइतकी भरत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. झाडं मुळांनी पाणी ओढतात आणि पानांतून वाफ सोडतात. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं, की सह्याद्रीच्या जंगलांतली ही वाफ थेट तमिळनाडूत पाऊस बनून पडते. म्हणजे इथे कुऱ्हाड चालली तर तिथल्या शेतकऱ्याचं आभाळ कोरडं.

तिसरी गोष्ट उलट दिशेची. या रानजायफळाचं बी वाळलं की मेलं. उन्हाळा लांबला, व्हाळ आटला, तर रोप उगवणारच नाही. जंगल हवामान सांभाळतं, आणि हवामान बिघडलं की आधी जंगलच आजारी पडतं.

मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला मनाई केली. मी हे मामाला सांगितलं. तो म्हणाला, "गिऱ्हाईक म्हणता, ता आमी बघतंव." आणि मग त्याने खरा प्रश्न टाकला. "ही झाडां ठेवन माका काय गावतला?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, हे कबूल करतो. मामाच्या मुलीचं कॉलेज आहे, घराचं छप्पर गळतंय. तमिळनाडूचा पाऊस, जगाचा कार्बन हे सगळं तो सांभाळतो आणि त्याबदल्यात त्याला एक रुपया मिळत नाही. त्याला "झाडं वाचव" म्हणून सल्ला देणं सोपं आहे. मी नांदगावात बसून तेच करत होतो.

शेवटी एवढंच ठरलं, की यंदा सही करायची नाही. व्हाळाच्या काठचा भाग कुठल्याही परिस्थितीत विकायचा नाही. बाकीच्या जमिनीबद्दल सगळे हिस्सेदार चतुर्थीला एकत्र आले की बोलणार. निकाल काय लागेल, ठाऊक नाही.

तुमच्यासाठी एक काम. घरचा सातबारा बघा. कुठे न तोडलेलं रान असेल तर आजीला विचारा, तिच्या लहानपणी तिथला व्हाळ मे महिन्यात वाहायचा का? आणि आता वाहतो का? उत्तर व्हॉइस नोटने पाठवा. पुढच्या भागात ऐकूया.

येतंय मंडळी, काळजी घ्या!