बाटलीवरचा रंगीत त्रिकोण
(खुटबाव, ता. दौंड येथील सभेतील भाषण)



सभेला येताना फवारणीची एकेक रिकामी बाटली आणा, असा निरोप आम्ही दिला होता. समोर ढीग पडला आहे. यातल्या एकाही बाटलीत औषध नव्हते, विष होते. आपण विषाला औषध म्हणतो, घोटाळा तिथूनच सुरू होतो.

१९५८ साली केरळात परेथिऑन हे कीटकनाशक जहाजातून येताना पिठाला लागले आणि शंभरावर माणसे मेली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६८ साली, कीटकनाशक कायदा झाला. १९७१ साली नियम आले. बाटलीवरचा तिरपा चौकोन त्या नियमांतला. त्याचा खालचा त्रिकोण रंगीत असतो. लाल म्हणजे अतिजहाल, त्यावर कवटी. मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा पाहून पुष्कळांना वाटते, हे निर्धोक. नाही. तेही विषच, फक्त चढायला जास्त लागते. आणि पिवळ्यालाही हलके समजू नका. तणावर मारायचे पॅराक्वाट पिवळ्यातच बसते. ते पोटात गेले तर त्याला उतारा नाही.

लेबलाबरोबर माहितीपत्रकही द्यावे, त्यात विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार आणि उतारा असावा, ते स्थानिक भाषेतही असावे, असे नियम सांगतो. आता या ढिगातली कोणतीही बाटली उचला आणि मराठी मजकूर वाचून दाखवा. चष्मा लावूनही जमत नाही! कायदा पाळला, असे दाखवण्यापुरती ती अक्षरे.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. मागून ऐकायला मिळाले, यांनी हातमोजे घातले नाहीत, तोंड बांधले नाही. अहो, पंप पाठीवर घेणाऱ्या मजुराच्या हाती बाटली येते कुठे? बाटली मालकाने आणलेली, द्रावण दुसऱ्याने कालवलेले. डोक्याएवढ्या कपाशीत तो दिवसभर चालतो. इशारा त्याच्यापर्यंत पोचलाच नाही, मग चूक त्याची कशी?

म्हणून आमची मागणी आहे, मराठी अक्षर ज्वारीच्या दाण्याएवढे तरी करा. तोवर आपण दुकानात पावती आणि माहितीपत्रक मागून घेऊ आणि पंप भरण्याआधी मजुराला त्रिकोण दाखवू. कुणाला गरगरले, उलट्या झाल्या, घाम सुटला, तर दवाखान्यात जाताना बाटली बरोबर न्यायची. काय लागले ते डॉक्टरला नावावरून कळते, उतारा शोधण्यात वेळ जात नाही.

२०१३ साली बिहारमध्ये शाळेचे जेवण खाऊन २३ मुले गेली. मोनोक्रोटोफॉसच्या डब्यात खाण्याचे तेल ठेवले होते. तेव्हा जाताना आपापली बाटली परत न्या, पण रॉकेल-तेलासाठी नको. फोडा आणि वस्तीपासून, विहिरीपासून लांब खोल पुरा.