संथ जाळे आणि सामायिक प्रिंटर

आजच्या व्याख्यानाचा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटण्याजोगा आहे. चार संगणक, एक प्रिंटर, भिंतीच्या कडेने गेलेल्या काही केबली आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक पेटी, एवढाच त्याचा पसारा. परंतु ज्या कार्यालयाचे काम सायंकाळपर्यंत कागदावर उतरावयाचे असते आणि कागद बाहेर येत नाही, त्या कार्यालयाला तो क्षुल्लक वाटत नाही.

उदाहरणादाखल दिल्लीच्या पूर्वेकडील, यमुनेपलीकडचा मयूर विहार घ्यावा. एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या इमारती, त्यांतील सदनिका आणि बाजारात दुकानांच्या वर थाटलेल्या दोन-तीन खोल्यांच्या कचेऱ्या. अशाच एका करसल्लागाराच्या कचेरीची कल्पना करावी. दिवस महिन्याच्या २० तारखेचा. दरमहा जीएसटीचे विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्यांची मुदत त्या रात्री संपते आणि त्यानंतर सामान्यतः दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क सुरू होते. दुपारपासून संकेतस्थळ उघडत नाही, प्रिंटर ‘ऑफलाइन’ असल्याची सूचना झळकते आणि बाकावर अशिले खोळंबून बसलेली असतात. अशा वेळी कचेरीत तीन निदाने ऐकू येतात: इंटरनेट खराब आहे, प्रिंटर म्हातारा झाला आहे, संगणकात विषाणू शिरला आहे. तिन्ही निदाने तपासणीपूर्वी केलेली असतात. पुष्कळदा दुसऱ्याच दिवशी नवा प्रिंटर विकत आणला जातो आणि महिनाभरात तोही ‘ऑफलाइन’ होतो.

या दोन तक्रारींचे, म्हणजे संथ जाळ्याची आणि न चालणाऱ्या प्रिंटरची, नाते जुने आहे. कार्यालयीन जाळ्याचा जन्मच मुळी प्रिंटरच्या गरजेशी निगडित आहे. कॅलिफोर्नियात पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीचे संशोधन केंद्र होते. तेथे गॅरी स्टार्कवेदर यांनी लेझर प्रिंटर सिद्ध केला होता. इंचाला ५०० ठिपके या सूक्ष्मतेने तो सेकंदाला एक पान छापू शके. असे महागडे यंत्र प्रत्येक मेजावर ठेवणे शक्य नव्हते. ते सर्वांनी मिळून वापरावयाचे होते. साध्या तारांवरून इतक्या वेगाने मजकूर पोचविणे अशक्य होते. रॉबर्ट मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी लिहिलेल्या टिपणात त्यावरील उपाय मांडला आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने तो प्रत्यक्षात आणला. तोच ‘ईथरनेट’. प्रकाशलहरी वाहून नेणारा सर्वव्यापी ईथर एकोणिसाव्या शतकातील भौतिकशास्त्रज्ञांनी कल्पिला होता. तो खोटा ठरला, परंतु त्याचे नाव या तारेला चिकटून राहिले. त्या पहिल्या जाळ्याचा वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट इतका होता.

हा आकडा आजच्या प्रिंटरशी ताडून पाहणे उद्बोधक ठरते. ए-फोर आकाराच्या पानावर इंचाला ६०० ठिपके या प्रमाणात सुमारे साडेतीन कोटी ठिपके मावतात. काळ्या-पांढऱ्या छपाईसाठी प्रत्येक ठिपक्यास एक बिट लागतो, तर रंगीत चित्रासाठी चोवीस. म्हणजे रंगीत पान सुमारे ८४ कोटी बिटांचे झाले. १०० मेगाबिटच्या केबलवरून ते आठ-साडेआठ सेकंदांत जाईल. वाय-फाय क्षीण होऊन १० मेगाबिटवर आले असेल, तर त्यालाच जवळजवळ दीड मिनिट लागेल. प्रत्यक्षात संगणक ही माहिती आवळून पाठवितो, आणि टंकित मजकूर तर ठिपक्यांऐवजी अक्षरांच्या रूपाने जातो. म्हणूनच साधे पत्र झटकन छापले जाते आणि स्कॅन केलेले चलन रेंगाळते. यात प्रिंटरचा दोष नाही.

तेव्हा पहिला प्रश्न विचारावा तो असा, की अडथळा घरात आहे की घराबाहेर? कचेरीतील राउटर हा उंबरठा मानला, तर त्याच्या अलीकडे कचेरीचे स्वतःचे जाळे आणि पलीकडे सेवा पुरविणाऱ्या कंपनीची लाइन. छपाईचे काम उंबरठा ओलांडतच नाही. इंटरनेट पूर्णपणे बंद असतानाही प्रिंटरने छापावयास हवे. ही एक गोष्ट ध्यानात घेतली तरी निम्मा गोंधळ मिटतो.

उंबरठ्याची परीक्षा करण्याचे साधन प्रत्येक संगणकात असतेच. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक संशोधन प्रयोगशाळेतील माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये ‘पिंग’ नावाची एक छोटीशी आज्ञावली लिहिली. पाणबुडीचा शोध घेताना ध्वनी पाठवून त्याचा प्रतिध्वनी ऐकतात, त्या सोनारच्या आवाजावरून हे नाव आले. संगणकावरून राउटरला हाक द्यावी. केबलवरून उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत यावयास हवे. ते तसे आले, पण बाहेरच्या एखाद्या पत्त्याचे उत्तर उशिरा आले, तर दोष उंबरठ्यापलीकडे. राउटरचेच उत्तर कधी तीन, कधी तीनशे मिलिसेकंदांनी येत असेल, तर कंपनीला दूरध्वनी करण्यात अर्थ नाही.

वाय-फायवर असे हेलकावे विशेष दिसतात. आरंभीच्या ईथरनेटमध्ये सर्व संगणक एकाच तारेवर बोलत. दोघे एकदम बोलले की टक्कर होई आणि दोघेही क्षणभर थांबून पुन्हा प्रयत्न करीत. स्विच आल्यावर केबलींची त्यातून सुटका झाली. वाय-फायचे माध्यम मात्र अजूनही सामायिक आहे, आणि ते केवळ कचेरीपुरते सामायिक नाही. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे असे तीनच मार्ग मिळतात: १, ६ आणि ११. मयूर विहारच्या दाट वस्तीत वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरांचे राउटर याच तीन मार्गांवर दाटी करतात. पाच गिगाहर्ट्‌झचा पट्टा प्रशस्त आहे, परंतु भिंती त्याला अधिक अडवितात. यावर सर्वांत खात्रीचा उपाय जुनाच आहे: जे यंत्र जागचे हलत नाही, म्हणजे प्रिंटर आणि मेजावरचा संगणक, त्याला केबल जोडावी.

केबलही अर्थात निर्दोष नसते. तिच्यात चार जोड्या असतात. १०० मेगाबिटसाठी दोन पुरतात, हजार मेगाबिटसाठी चारही लागतात. खुर्चीच्या चाकाखाली एखादी जोडी चिरडली, तर जाळे पुष्कळदा बंद न पडता मुकाट्याने खालच्या वेगावर उतरते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

बाहेरील लाइनविषयी एकच गोष्ट सांगावयाची. जिम गेटिस या अभियंत्याला २०१० मध्ये स्वतःच्या घरी असे आढळले, की एखादी मोठी फाइल वर चढत असताना बाकीचे सारे जाळे मरगळते. उपकरणांतील साठवणीच्या जागा गरजेपेक्षा मोठ्या असल्याने रांग लांबत जाते आणि लहानसा निरोपही तिच्या शेपटाशी उभा राहतो. एखाद्या संगणकाची सुरक्षित प्रत दुपारी आपोआप बाहेर पाठविली जात असेल, तर २० तारखेचे गूढ तेथेच उकलते. ती वेळ रात्रीची ठरवून द्यावी.

आता प्रिंटर. ‘ऑफलाइन’ या शब्दाने अनेकांची दिशाभूल केली आहे. राउटर प्रत्येक यंत्राला जाळ्यातील एक पत्ता काही मुदतीपुरता देतो. वीज जाऊन आली की हे वाटप नव्याने होऊ शकते आणि प्रिंटरला दुसराच पत्ता मिळतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर टपाल धाडीत राहतात. यंत्र धडधाकट असते. केवळ त्याचे घर बदललेले असते. राउटरमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवला की हा उपद्रव थांबतो. नवा प्रिंटरही महिनाभरात का रुसतो, याचे उत्तर बहुधा हेच असते.

प्रिंटर एकाच संगणकाला जोडून इतरांना वाटून दिला असेल, तर तो संगणक निद्रिस्त होताच सर्वांची छपाई थांबते. कामांची रांग सांभाळणाऱ्या ‘स्पूलर’मध्ये एक काम अडकले की मागची सगळी खोळंबतात, ते काढून स्पूलर पुन्हा सुरू करावा लागतो. २०२१ मध्ये विंडोजच्या याच स्पूलरमध्ये गंभीर सुरक्षादोष उघडकीस आला. मायक्रोसॉफ्टने तो बुजविण्यासाठी दिलेल्या दुरुस्त्यांनंतर, विशेषतः त्या वर्षीच्या सप्टेंबरात, अनेक ठिकाणी सामायिक छपाईच बंद पडली. कोणी काहीही न बदलता बिघाड झाला, असे कर्मचारी सांगतात तेव्हा ते नेहमीच खोटे नसते. संगणकाने रात्री स्वतःच बदल केलेला असू शकतो.

एक तक्रार मात्र जाळ्याची नसून जाळ्याच्या माथी मारली जाते. पुण्याहून आलेली मराठी फाइल एका संगणकावरून स्वच्छ छापली जाते आणि दुसऱ्यावरून निरर्थक चिन्हांची ओळ उमटते. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्थान असले, तरी जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत जुळविलेला मजकूर तो विशिष्ट फॉन्ट असल्याखेरीज वाचता येत नाही. पहिल्या संगणकावर तो फॉन्ट असतो, दुसऱ्यावर नसतो. फॉन्ट अंतर्भूत करून पीडीएफ बनविली की ते पान कोठूनही सारखेच छापले जाते.

यानंतर कचेरीने एक कागद तयार करावा. त्यावर राउटरचा आणि प्रिंटरचा पत्ता, कोणती केबल कोठून कोठे जाते, लाइन कोणत्या वेगाची घेतली आहे आणि जाळे नीट चालत असताना पिंगचे उत्तर किती वेळात येई, हे लिहावे. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवावा. सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेली यादी नेमकी जाळे बंद असतानाच उघडता येत नाही.