ओळख आणि अधिकार



उळवीत चन्नबसवेश्वरांच्या दर्शनाचे दार सर्वांना खुले असते. म्हणून भांडाराची किल्ली काही प्रत्येक यात्रेकरूच्या हाती देत नाहीत. ‘तू कोण?’ आणि ‘तुझा अधिकार कोणता?’ हे प्रश्न भिन्न आहेत.

२०१० साली नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावापासून ‘आधार’चे वाटप सुरू झाले. जानेवारी २०१८ मध्ये ‘द ट्रिब्यून’ने उघड केले की, ५०० रुपयांत कोणाचेही नाव-पत्ता पाहण्याची वाट मिळत होती. बोटांचे ठसे सुरक्षित आहेत, तक्रारनिवारणासाठी दिलेल्या शोधसुविधेचा हा गैरवापर असावा, असे प्राधिकरणाने सांगितले. म्हणजे कुलूप शाबूत; किल्ली भलत्याच्या हाती! ज्याने विश्वासाने आपली ओळख सोपविली, त्याचे काय? किल्ली कोणाला, किती काळ आणि कशासाठी, हा विवेक संगणकाचा नव्हे. तो माणसानेच राखावयाचा असतो.