संगणकाची भाषा आणि माणसाची भाषा
(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित युवक मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षे पूर्ण केली, हा आपणां सर्वांच्या आनंदाचा क्षण आहे. या निमित्ताने संगणक क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींशी बोलावे, अशी आज्ञा मला झाली. समोर बसलेल्या अनेक पालकांच्या मनात एकच प्रश्न असेल, की मुलाने कोणती संगणकीय भाषा शिकावी. या प्रश्नाचे उत्तर दर पाच वर्षांनी बदलते. ज्याचे उत्तर बदलत नाही अशा एका गोष्टीविषयी मी आज बोलणार आहे. ती गोष्ट म्हणजे माणसाचे म्हणणे नीट ऐकणे आणि आपले म्हणणे नीट सांगणे.

आपल्या समाजात असा एक समज आहे की, ज्याला चारचौघांत बोलता येत नाही त्याने संगणक घ्यावा. तिथे यंत्राशीच काम असते. मीही याच समजुतीने या व्यवसायात आलो. तो समज किती चुकीचा होता, हे मला पुण्यात नव्हे, गडचिरोलीच्या जंगलात कळले. ती हकिकत सांगतो. ती माझ्या चुकीची आहे.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. अनेक कुटुंबांच्या हाती वर्षातली मोठी रोख रक्कम त्याच दिवसांत येते. महाराष्ट्रात सत्तर पानांचा एक पुडा बांधतात आणि मजुरीचा दर शंभर पुड्यांमागे, म्हणजे 'शेकड्या'मागे ठरतो. एका संस्थेसाठी या मजुरीचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम मी लिहिला. पुण्यात बसून लिहिला. पडद्यावर एक रकाना ठेवला आणि त्याला नाव दिले 'संख्या'. माझ्या मनात संख्या म्हणजे पुड्यांची संख्या. एका संकलन केंद्रावरील मुन्शीने तसेच भरले. दुसऱ्या केंद्रावरील मुन्शी मात्र आयुष्यभर शेकड्यात मोजत आलेला. एका कुटुंबाने दोन शेकडे आणले की तो रकान्यात २ लिहायचा. प्रोग्रामने त्याचा अर्थ दोन पुडे असा घेतला. दोनशे पुड्यांच्या मजुरीच्या जागी दोन पुड्यांची मजुरी छापली गेली.

चुकीच्या चिठ्ठ्या हाती पडल्या तेव्हा गावात काय झाले असेल, याची कल्पना आपण करू शकता. मूळ वह्या काढून प्रत्येक नोंद हाताने तपासावी लागली. मजुरी बारा दिवस उशिरा मिळाली, आणि ते बारा दिवस पेरणीच्या तोंडाशी होते. बियाण्यासाठी कोणी उधारी केली, कोणी घरातले भांडे गहाण ठेवले. मी केंद्रावर गेलो, तेव्हा एक वृद्ध आई मला एवढेच म्हणाली, "बाबू, लिहाच्या आंधी एक डाव येऊन पायलं असतं." तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मला अधिक लागले.

बंधू-भगिनींनो, माझ्या प्रोग्राममध्ये तांत्रिक दोष एकही नव्हता. चूक गणिताची नव्हती, संवादाची होती. 'तुम्ही कशात मोजता?' हा एक प्रश्न मी मुन्शीला विचारला नाही. रकान्यापुढे 'पुडे' हा एक शब्द लिहिला नाही. मी त्या गावाची हात जोडून क्षमा मागितली. आपण दरवर्षी संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतो. त्या दिवशी ते शब्द प्रथमच मनापासून म्हटले, असे मला वाटते.

अशी चूक केवळ माझ्यासारख्या लहान माणसाच्या हातून होते असे नाही. अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचले आणि नष्ट झाले. एका गटाचा प्रोग्राम यानाला दिलेल्या रेट्याचे माप ब्रिटिश पौंडात देत होता. ते वापरणारा दुसरा गट तेच आकडे न्यूटनमध्ये आहेत असे धरून चालला होता. दोन्ही गटांत विद्वान होते. आकड्यापुढचे एकक मात्र एकाने दुसऱ्याला नीट सांगितले नाही. माझा 'शेकडा' आणि त्यांचा 'पौंड' यांत फरक तो किती?

याउलट, नीट ऐकले म्हणजे काय घडते, याचे उदाहरणही आपल्या गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये येथे 'सर्च' संस्थेचे काम सुरू केले. न्यूमोनियाने दगावणारी बालके वाचवायची तर गावातल्या दाईलाच तो ओळखता आला पाहिजे, असे त्यांच्या लक्षात आले. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, आणि दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा अधिक असतील, तर धोका समजावा, हा वैद्यकशास्त्राचा नियम. परंतु अनेक दायांना लिहिता-वाचता येत नव्हते, साठपर्यंत मोजताही येत नव्हते आणि जवळ घड्याळ नव्हते. 'या बायकांना हे जमणार नाही' असे म्हणून विषय संपवता आला असता. त्यांनी तसे केले नाही. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी असलेले एक साधे साधन बनवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचलो, तर बाळाला उपचार हवा. लहान बाळासाठी एक ओळ, मोठ्यासाठी दुसरी. 'साठ' हा शब्दही न उच्चारता दाई अचूक निर्णय घेऊ शकली.

मी आज अनेक कंपन्यांचे प्रोग्राम पाहतो; त्यांतील किती जणांनी वापरणाऱ्याचा एवढा विचार केला असेल? या साधनात वीज नाही, संगणक नाही. तरीही सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याने अभ्यासावा असा तो धडा आहे. वापरणाऱ्याला काय येत नाही, याची तक्रार त्यात नाही. त्याला काय येते, तेथून त्याची सुरुवात आहे.

आता थोडे कामाच्या रीतीविषयी. आयबीएम कंपनीच्या एका प्रचंड प्रकल्पाचे प्रमुख राहिलेले फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये 'द मिथिकल मॅन-मंथ' हा ग्रंथ लिहिला. त्यांनी दाखवले की, उशीर झालेल्या कामावर माणसे वाढवली की काम आणखी रखडते. कारण सोपे आहे. तीन माणसांत बोलण्याच्या जोड्या तीन होतात; दहा माणसांत पंचेचाळीस; पन्नास माणसांत १२२५. प्रत्येक जोडीत गैरसमजाला जागा असते. म्हणून मोठ्या कामात केवळ हुशार माणूस पुरत नाही. ज्याचे म्हणणे इतरांना कळते असा माणूस लागतो.

आपण व्यापारी लोक आहोत. हे आपल्याला नवीन नाही. जुन्या पेढीवरचे मुनीमजी वही अशी लिहीत की, दहा वर्षांनी दुसऱ्या कोणी उघडली तरी व्यवहार कळावा. प्रोग्रामही तसाच लिहावा लागतो. आज मी लिहिलेले उद्या माझ्या जागी येणारा अनोळखी मुलगा वाचणार आहे. त्याच्यासाठी दोन ओळींचा खुलासा लिहिणे हे सौजन्य तर आहेच, व्यवसायाचे कर्तव्यही आहे. काम वेळेत होणार नसेल तर ते आधी सांगणे, समजले नसेल तर 'समजले नाही' म्हणणे, आणि चूक झाली तर ती लपवण्याऐवजी कबूल करणे, हेही संवादातच येते.

पाच समितींमध्ये भाषा समिती आपण लहानपणापासून ऐकतो. हितकारक, मोजके आणि विवेकपूर्ण बोलावे, ही तिची शिकवण. साधूंसाठी सांगितलेला तो नियम गृहस्थाच्या कामालाही किती उपयोगी पडतो, हे मला या व्यवसायात उमगले.

येथे आपल्या मुलांच्या मनातली एक भीती दूर केली पाहिजे. संवादकौशल्य म्हणजे फाडफाड इंग्रजी नव्हे. कामापुरते इंग्रजी अवश्य शिकावे, ते येते. परंतु आपल्या या भागात मराठी, हिंदी, गोंडी, माडिया, सिरोंच्याकडे तेलुगू, आणि मुलचेरा-चामोर्शीकडे बंगालीही कानावर पडते. आपल्या दुकानावर बसलेल्या मुलाने समोरच्याच्या बोलीत त्याची गरज समजून घेतलेली असते. ही शिदोरी महानगरातल्या मुलाकडे नसते. तिची लाज बाळगू नका. भगवान महावीरांनीही उपदेशासाठी लोकांची अर्धमागधी भाषाच स्वीकारली होती.

आज तर प्रोग्रामच्या ओळी यंत्रेही लिहू लागली आहेत. त्यामुळे काय हवे आहे हे नेमके समजून घेणे आणि नेमक्या शब्दांत मांडणे, याचे मोल वाढले आहे. 'शेकडा' म्हणजे काय, हे यंत्र मुन्शीला जाऊन विचारणार नाही. ते आपल्यालाच विचारावे लागेल.

शेवटी एक नम्र विनंती. सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने महिन्यातून एक संध्याकाळ मुलांसाठी द्यावी. एकाने आपले काम दहा मिनिटे साध्या मराठीत आजी-आजोबांना समजावून सांगावे; आजी-आजोबांनी प्रश्न विचारावेत; आणि जोवर त्यांना कळत नाही, तोवर सांगणाऱ्याने खाली बसू नये. खर्च काही नाही, सतरंजी ट्रस्टची आहेच. पहिल्या संध्याकाळी बोलायला मी स्वतः येईन.