गाळातली लाल अळी



संयोजकांनी "पाच मिनिटं तुझ्या कामाबद्दल बोल" असं सांगितलंय. सॉफ्टवेअरवर बोलले तर तुम्ही जेवणाच्या रांगेत जाल, म्हणून अळ्यांवर बोलते.

नववीत बाईंनी शाळेच्या हौदातल्या गाळातून एक लाल अळी काढून दाखवली होती, आठवतं? "रक्त प्यायलीय!" म्हणून आपण किंचाळलो. बाई म्हणाल्या, "हिमोग्लोबिन तिचं स्वतःचं आहे. म्हणून तर ती कमी ऑक्सिजनच्या गाळात जगते." ही कायरोनोमस, डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माशीची अळी.

तीसएक वर्षांनी ती पुन्हा भेटली, दादाच्या मत्स्यबीज संगोपन तळ्यात. शेणखतावर जिवाणू आणि शेवाळ वाढतं, त्यावर अळी, आणि गाळ उकरून ती अळी खाणारी सायप्रिनसची बोटुकली. मी दादाला नोंदींसाठी अ‍ॅप करून दिलं. दर आठवड्याला ठरलेल्या मापाचा गाळ काढायचा, अर्धा मिलिमीटर जाळीच्या चाळणीत धुवायचा, अळ्या मोजायच्या.

बोटुकली सोडली आणि आलेख घसरू लागला. मी ठामपणे म्हणाले, "खाद्य कमी पडतंय, शेण वाढव." दादाने वाढवलं. हवा ढगाळ होती. तिसऱ्या पहाटे मासे पाण्यावर येऊन तोंड वासत होते. जास्तीच्या शेणाने कुजताना ऑक्सिजन संपवला होता. निम्मी बोटुकली गेली.

अळ्या कमी झाल्या होत्या, कारण मासे त्या खात होते. काही तर कोषातून माशी होऊन उडूनही गेल्या असतील. मी मोजत होते ते उरलेलं. किती तयार झालं आणि किती पोटात गेलं, ते नव्हे. माशांचं वजन न बघता त्या आकड्याला काही अर्थ नव्हता. आता अ‍ॅपमध्ये पहिला रकाना वजनाचा आहे, दुसरा पहाटेच्या ऑक्सिजनचा, अळ्या तिसऱ्या.

दादा रागावला नाही. एवढंच म्हणाला, "मासे अंगाने भरताना दिसत होते गं. पण म्हटलं, तू इंजिनीअर." हे अजून टोचतं.

बाई, त्या दिवशी अळी हौदात परत सोडताना तुम्ही म्हणाला होतात, "आता हिला कोण खातं ते बघा." तेवढ्यात घंटा झाली आणि आम्ही पळालो. तो गृहपाठ मी फार उशिरा केला, आणि दंड दादाने भरला.