चारित्र्य फक्त मुलींचंच का?



आजचा विषय आहे तरुण मुलामुलींचं चारित्र्य-शिक्षण. पण मला आधी या शब्दाशीच भांडायचं आहे. ‘चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून’ ही बातमी आपण कितीदा वाचतो! पतीच्या चारित्र्याबद्दल असा मथळा कधी वाचलाय? बाईचं चारित्र्य तिच्या शरीरात आणि पुरुषाचं फार तर पैशाच्या व्यवहारात, अशी वाटणी आपण मुकाट्याने मान्य केली आहे.

इथे लकडगंजमध्ये आरामशिनींवर राबणाऱ्या कुटुंबांतल्या मुलामुलींचे गट मी घेते. ‘चांगल्या चारित्र्याचं माणूस कोण?’ असं विचारलं की मुलगे म्हणतात, दारू न पिणारा, चोरी न करणारा. मुली म्हणतात, मान खाली घालून चालणारी, दिवेलागणीच्या आत घरी येणारी.

गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीची शिकवणी बंद झाली. चौकातली मुलं मागे येत होती. आई म्हणाली, “पोट्टे तं असेच राह्यते, पोरीलेच जपा लागते.” मुलगी घरात बसली, मुलं चौकातच राहिली. मग शिक्षा कोणाला झाली?

शाळेत हे शिकवत नाहीत असं नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातल्या दहा गाभाघटकांत स्त्री-पुरुष समानता होती. आपल्या राज्यातल्या मूल्यशिक्षणाच्या यादीतही ती आहे, वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणाच्या रांगेत. फळ्यावर सुविचार लिहिला जातो आणि त्याच वर्गात झाडू मात्र मुलींच्या हाती दिला जातो. मुलं फळा वाचत नाहीत, झाडू कोणाकडे गेला ते बघतात.

वेगळं काही करता येतं का? येतं. मुंबईत २००८ पासून कोरो, टाटा समाजविज्ञान संस्था आणि आयसीआरडब्ल्यू यांनी मिळून महापालिकेच्या शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर काम केलं. उपदेश नाही, खेळ, नाट्य, गटचर्चा. घरातली कामं कोण करतं, हात कोण उगारतं, यावर मुलं स्वतः बोलली. जिथे अशा चर्चा झाल्या, तिथे मुलींचं लग्न अठराच्या आधी नको, घरकाम पुरुषांनीही करावं, असं म्हणणारी मुलं वाढली.

आपल्या नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांच्या हाती फुटबॉल दिला. ‘झुंड’ या २०२२ च्या सिनेमामुळे ते काम सगळ्यांना कळलं. पुढे त्या मैदानावर मुलीही उतरल्या, हे मला जास्त मोलाचं वाटतं. मैदानावर शिस्त आणि सांघिकता शिकता येते, पण त्यासाठी आधी मैदान मिळायला हवं.

त्या मुलीची शिकवणी पुन्हा सुरू झाली, पण आपोआप नाही. चौकातल्या मुलांबरोबर चार बैठका झाल्या. “आम्ही तर गंमत करत होतो,” म्हणणाऱ्यांनी तिची भीती पहिल्यांदाच ऐकून घेतली. वस्तीतल्या आया आठवडाभर आळीपाळीने चौकात उभ्या राहिल्या. नुसत्या मुलांना शिकवून भागत नाही. मोठ्यांनाही बदलावं लागतं.

तेव्हा एक काम घेऊन इथून जाऊ या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तिथे नुसती सही करून उठू नका. विचारा, मूल्यशिक्षणाच्या तासाला काय होतं? वर्ग कोण झाडतं? मैदान कोणाला मिळतं?