जठराचे अस्तर आणि ज्येष्ठमधाचा काढा



मी डॉक्टर नाही आणि हकीमही नाही; मराठी व इतिहास शिकविणारा शिक्षक आहे. तरीही आज पोटाविषयी बोलण्यास उभा आहे, त्याला कारण माझ्याच घरी घडलेली गोष्ट.

अब्बा शिवणकाम करीत. गुडघेदुखीसाठी दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून ते उपाशीपोटी घेत. पुढे पोटात जळजळ सुरू झाली. तेव्हा मीच, घरातला शिकलेला मुलगा, काष्ठौषधीच्या दुकानातून ज्येष्ठमध घेऊन आलो. रोज काढा होऊ लागला, जळजळ कमी झाली आणि त्या भरवशावर गोळ्याही चालू राहिल्या. दोन महिन्यांनी एका पहाटे त्यांना डांबरासारखी काळी शौचास झाली व ते चक्कर येऊन पडले. पोटात रक्तस्राव होत होता.

मांस पचविणारे तीव्र आम्ल जठरालाच का पचवीत नाही? आतून बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो, त्यात आम्लाचा जोर मारणारे बायकार्बोनेट असते आणि खालच्या पेशी काही दिवसांतच नव्या होतात. ही राखण चालू ठेवणारे एक द्रव्य म्हणजे प्रोस्टाग्लँडिन. ॲस्पिरिनसारखी औषधे तेच बनू देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखविले. ज्या गुणाने गोळी ठणका थांबविते, त्याच गुणाने ती अस्तर उघडे पाडते.

आता ज्येष्ठमध, ज्याला आपल्या घरांत मुलेठी म्हणतात. याचा गुण म्हणजे केवळ आजीबाईची समजूत नव्हे. नेदरलँड्समधील डॉक्टर रेव्हर्स यांनी १९४६ साली जठरव्रणाच्या रुग्णांना त्याचा अर्क दिला. अनेकांना आराम पडला, पण काहींच्या अंगावर सूज आली. पुढे त्यातील द्रव्यापासून इंग्लंडमध्ये कार्बेनॉक्सोलोन हे औषध निघाले. त्याने श्लेष्मा वाढे, व्रण भरे; पण शरीरात मीठ व पाणी साचून रक्तदाब चढे, पोटॅशियम उतरे. अब्बांना रक्तदाब होताच. काढा उकळताना तो विचार मला शिवलाही नव्हता! झाडपाल्याने अपाय होत नाही, ही आपली फार आवडती समजूत.

अमुक पाल्याच्या अर्काने उंदरांचे जठर वाचले, असे आपण वाचतो. त्या प्रयोगांत बहुधा उंदरास आधी अर्क, मग मद्य किंवा ॲस्पिरिन देऊन काही तासांनी जखमा मोजतात. प्रयोग उपयोगी खरा. पण अब्बांच्या गोळ्या महिनोन्‌महिने चालल्या होत्या.

रुग्णालयात आणखी एक गोष्ट निघाली. त्यांच्या जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जंतू होते. ऑस्ट्रेलियातील मार्शल व वॉरेन यांनी १९८२ साली ते प्रयोगशाळेत वाढविले व २००५ साली त्यांना नोबेल मिळाले. हे जंतू घालविण्यास प्रतिजैविके लागतात. काढ्याने जळजळ शमली आणि तपासणी मात्र लांबली.

डॉक्टरांनी विचारले, “आणखी काय घेत होता?” अब्बा म्हणाले, “काही नाही.” काढा त्यांना औषध वाटतच नव्हता. ते मला सांगावे लागले.